जागच्या जागी : फ्लॉरेन्स पाहण्याआधी

इटलीच्या सहलींची जी पत्रकं आपल्याकडे हातोहात फिरतात, त्यांत फ्लॉरेन्सच्या वाट्याला बहुधा अर्धा दिवस येतो. सकाळी पिसाचा कललेला मनोरा, दुपारी फ्लॉरेन्सचा घुमट, जुन्या पुलावर फोटो, चामड्याच्या पिशव्यांची खरेदी, आणि अंधार पडायच्या आत बस पुढच्या मुक्कामाला. हे पुस्तक त्या अर्ध्या दिवसाच्या विरोधात लिहिलं आहे. फ्लॉरेन्सला किमान तीन दिवस द्यावेत आणि ते पायी फिरून द्यावेत, एवढी एकच गोष्ट वाचकाला पटली तरी माझं काम झालं.

हे लेखन पुण्याच्या बुधवार पेठेत झालं आणि ते योग्यच झालं असं मला वाटतं. पेठेत राहणाऱ्या माणसाला शहर चालत पाहायची सवय असते. सोन्या मारुतीपासून निघावं, बेलबाग चौकावरून तुळशीबागेत शिरावं, जोगेश्वरीला हात जोडून अप्पा बळवंत चौकात पुस्तकं चाळावीत. सगळं अर्ध्या तासाच्या आत. फ्लॉरेन्सचा गाभाही याच मापाचा आहे. मोठ्या चर्चपासून सिन्योरिया चौकापर्यंत रमतगमत गेलं तरी दहा मिनिटं पुरतात, आणि त्या दहा मिनिटांच्या वाटेवर युरोपच्या चित्रशिल्पाला वळण लावणारी कामं उभी आहेत. ती बहुतेक जिथे घडली त्याच गावात, पुष्कळदा ज्या भिंतीसाठी घडली त्याच भिंतीवर आहेत.

ती तिथे राहिली यामागे एक करार आहे आणि तो मराठी वाचकाने आधी समजून घ्यावा. मेदिची घराण्याने जवळजवळ तीनशे वर्षं फ्लॉरेन्सवर सत्ता गाजवली, आधी सावकार म्हणून पडद्याआडून आणि मग उघडपणे राज्यकर्ते म्हणून. १७३७ साली या घराण्यातला शेवटचा पुरुष वारला आणि राज्य लोरेनच्या घराण्याकडे गेलं. मागे उरली त्याची बहीण आन्ना मारिया लुइझा. तिला मूलबाळ नव्हतं. चित्रं, पुतळे, जडजवाहीर, ग्रंथ असा घराण्याचा सगळा संग्रह तिच्या हाती होता, आणि नव्या राजाने तो गाड्या भरून व्हिएन्नाला नेला असता तर त्याला अडवणारं कोणी नव्हतं. तिने त्याच वर्षी त्याच्याशी करार केला. संग्रह तुमचा, पण त्यातलं काहीही फ्लॉरेन्सबाहेर जाणार नाही. कारणंही त्यात नमूद केली होती : राज्याची शोभा, लोकांचा उपयोग, आणि परगावच्या माणसांना शहर पाहायला यावंसं वाटावं. आज लाखो माणसं हे शहर पाहायला जातात, त्यांच्या सहलीची तरतूद एका निपुत्रिक बाईने पावणेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी कागदावर करून ठेवली आहे. १७४३ मध्ये ती गेली. १७६९ मध्ये या संग्रहाच्या उफ्फीझी दालनाचे दरवाजे लोकांसाठी उघडले.

हे वाचताना पुणेकराला आपलं आठवल्याशिवाय राहत नाही. सवाई माधवरावांच्या काळात, १७९० च्या आगेमागे, पुण्यात इंग्रजांचा वकील होता चार्ल्स मॅलेट. त्याच्या आश्रयाने गंगाराम चिंतामण तांबट नावाचा कारागीर चित्रं काढू लागला. १७९० च्या नोव्हेंबरात त्याने पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा समोर बसून काढला. पुढे वेरूळला जाऊन लेणी काढली. दोन वर्षांनी स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स पुण्यात आला. दरबारात सवाई माधवराव, शेजारी नाना फडणवीस, हे आपण शाळेच्या पुस्तकापासून पाहत आलेलं चित्र त्याचंच. मॅलेटच्या खटपटीने आणि पेशव्यांच्या संमतीने शनिवारवाड्यात चित्रकलेचे धडेही सुरू झाले.

तिथे जे शिकवलं जात होतं त्याचं मूळ फ्लॉरेन्सचं. दूरची वस्तू किती लहान काढायची, समांतर रेषा कागदावर कुठे मिळतात, खांबांची रांग मागे मागे कशी न्यायची, याचं गणित १४१५ ते १४२० च्या सुमाराला फिलिप्पो ब्रुनेलेस्कीने फ्लॉरेन्सच्या चर्चच्या दारात उभं राहून समोरच्या बाप्तिस्माघराचं चित्र काढून पडताळलं. १४३५ मध्ये आल्बेर्तीने ते ग्रंथात मांडलं. तेच गणित साडेतीन शतकांनी युरोपियन चित्रकारांच्या हातून पुण्यात पोचलं आणि एका तांबटाने ते वेरूळच्या खांबांवर चालवून पाहिलं. आपल्या कलेच्या इतिहासातला हा मोठा क्षण आहे. पण तो पाहायचा तर गंगारामची चित्रं अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत आणि वेल्सचं चित्र लंडनला. पुण्यात करार करणारी आन्ना मारिया नव्हती. १८१८ नंतर जे गेलं ते गेलं.

म्हणून फ्लॉरेन्स पाहताना मी वाचकाला एकच सवय लावून घ्यायला सांगतो. प्रत्येक कामापुढे विचारावं : हे इथे कोणी मागितलं, पैसे कोणी दिले, ते कुठून बघायचं ठरलं होतं? मोठमोठ्या नावांपेक्षा या प्रश्नांची उत्तरं शहर जास्त उघडून दाखवतात.

ओर्सानमिकेले हे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण, आणि घाईतल्या सहलीत ते हमखास सुटतं. चर्च आणि सिन्योरिया चौक यांच्या मधोमध ही चौकोनी उंच इमारत आहे. मुळात तो धान्याचा बाजार. खाली धान्य विकायचं, वर कोठार. पुढे खालच्या मजल्याचं देवघर झालं आणि बाहेरच्या भिंतींतले कोनाडे शहरातल्या व्यावसायिक पंचायतींना वाटून दिले. प्रत्येकीने आपल्या कुलसंताचा पुतळा आपल्या खर्चाने बसवायचा. तागाच्या कापडवाल्यांनी दोनातेल्लोकडून संत मार्क करून घेतला, सराफ-सावकारांनी गिबेर्तीकडून संत मॅथ्यू, चिलखतं बनवणाऱ्यांनी दोनातेल्लोकडूनच संत जॉर्ज. गवंडी, पाथरवट आणि सुतार यांची पंचायत एक होती. त्यांनी नान्नी दि बांकोकडून चार संत करून घेतले. त्या चौघांच्या पायांखाली एक अरुंद पट्टी आहे. तिच्यात एकजण भिंत रचतो आहे, एकजण गिरमिटाने भोक पाडतो आहे, एकजण माप घेतो आहे, आणि एकजण उघड्या बाळाचा पुतळा घडवतो आहे. सगळ्यांच्या अंगावर कामाचे कपडे. वरती देव, खाली काम. पट्टी नजरेच्या थोडी वर आहे, रस्त्यावर उभं राहून नीट दिसते. तिथे पाच मिनिटं थांबावं.

ज्याने गणेशोत्सवात बुधवार पेठ पाहिली आहे त्याला ही व्यवस्था समजावून सांगावी लागत नाही. दगडूशेठ हे मिठाईवाले. भाऊसाहेब रंगारी यांचा कापड रंगवण्याचा व्यवसाय. १८९२ मध्ये शालूकर बोळात त्यांनी बसवलेला गणपती राक्षसाला मारण्याच्या आवेशात आहे, तो आजही तसाच मिरवणुकीत निघतो. पलीकडे मंडईतल्या व्यापाऱ्यांचा गणपती. धंद्याने एकत्र आलेली माणसं रस्त्यावर आपला देव बसवतात, तो शेजारच्यापेक्षा उजवा व्हावा म्हणून चांगला कारागीर गाठतात, आणि त्या चढाओढीतून शहराला काही तरी मिळतं. फ्लॉरेन्समध्ये पंधराव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस-तीस वर्षांत हेच चाललं होतं. राजेरजवाड्यांनी कला वाढवली हे खरं असलं, तरी फ्लॉरेन्सच्या उमेदीच्या वर्षांत ती दुकानदारांनी वाढवली. चर्चचं बांधकाम लोकरवाल्यांच्या पंचायतीकडे होतं. बाप्तिस्माघराच्या काशाच्या दारांसाठी १४०१ ची ती प्रसिद्ध स्पर्धा लावली ती परदेशी कापडाचा व्यापार करणाऱ्यांनी.

त्या स्पर्धेत शेवटी आमनेसामने आलेले दोघे, गिबेर्ती आणि ब्रुनेलेस्की, सोनारकाम शिकलेले होते. दोनातेल्लोचा हातही धातूकामातच बसला. दागिन्यांच्या पेढीत बसणारा मुलगा चित्र काढायला, मेण घडवायला, धातू ओतायला आणि एक गुंजही वाया जाऊ न द्यायला शिकतो. दोघांच्या स्पर्धेतल्या चौकटी आज बार्जेल्लो संग्रहालयात शेजारी शेजारी लावल्या आहेत. विषय एकच, मुलाचा बळी द्यायला निघालेला बाप. गिबेर्तीची चौकट गोड आहे, ब्रुनेलेस्कीची अंगावर येते. गिबेर्तीने ती जवळजवळ एकसंध ओतली, ब्रुनेलेस्कीने तुकडे ओतून पत्र्यावर बसवले, त्यामुळे त्याच्या चौकटीला काही किलो धातू जास्त लागला. काम गिबेर्तीला मिळालं. सराफ कट्ट्यावर वाढलेल्या माणसाला या निकालातला हिशोब लगेच कळेल. गंगाराम तांबटाच्या आडनावातही धातूच आहे, हे इथे सांगितलंच पाहिजे.

ब्रुनेलेस्की हरला आणि त्यातूनच घुमट उभा राहिला, असं म्हणायला हरकत नाही. १२९६ मध्ये सुरू झालेल्या चर्चला वर एक भलंमोठं आठकोनी भोक राहून गेलं होतं, रुंदी सुमारे ४५ मीटर. एवढ्या रुंदीला खालून लाकडी आधार देऊन कमान रचायची तर जंगलं तोडावी लागली असती. ब्रुनेलेस्कीने एकात एक असे दोन घुमट रचले आणि विटा मधूनमधून उभ्या घालून माशाच्या काट्यासारखी वीण केली. अशा रचनेत ओल्या चुन्यातली वीट खाली घसरत नाही, उभी वीट तिला अडवते. १४२० ला काम सुरू झालं, १४३६ ला घुमट मिटला. ४६३ पायऱ्या चढून वर जाताना वाट या दोन घुमटांच्या मधूनच जाते. भिंत आपल्या बाजूने कलायला लागते तिथे विटांची ही वीण हाताशी येते. गुडघे चांगले असतील त्यांनी चढावं. वरच्या दृश्याइतकीच ही वाटही बघण्यासारखी आहे.

चित्रकार मासाच्चोविषयी पुढे स्वतंत्र प्रकरण आहे, पण सांता मारिया नोव्हेल्लातल्या त्याच्या त्रिमूर्तीविषयी इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही. १४२७ च्या सुमाराचं हे भित्तिचित्र चर्चमध्ये डाव्या हाताच्या भिंतीवर आहे. सपाट भिंतीवर रंगाने एक देवळी उघडली आहे. वर चौकटी-चौकटींची कमानदार छत, आत क्रूस, मागे पिता, आणि बाहेर उंबऱ्यावर गुडघे टेकून बसलेलं एक जोडपं, ज्यांनी पैसे दिले ते. छताच्या सगळ्या रेषा क्रुसाच्या तळाशी, साधारण आपल्या डोळ्यांच्या उंचीवर, एकत्र येतात. जवळ गेलं की ओल्या गिलाव्यात दोरी ताणून आणि टोकदार हत्याराने कोरून आखलेल्या त्या रेषांच्या खुणा दिसतात. आधी दूर उभं राहावं, मग जवळ जावं, मग परत दूर. हे काढणारा माणूस सव्विसाव्या-सत्ताविसाव्या वर्षी वारला. पुढे सोळाव्या शतकात चित्रासमोर वेदी उभारली गेली आणि तीनशे वर्षं ते झाकलेलं राहिलं. झाकलं गेलं म्हणून वाचलं.

उफ्फीझीबद्दल मी मुद्दाम कमी लिहिलं आहे. बोत्तिचेल्लीच्या दालनांपुढची गर्दी टाळता येत नाही आणि तिथल्या चित्रांवर सगळ्या भाषांत पुस्तकं आहेत. त्यापेक्षा अनाथ मुलांसाठी रेशीमवाल्यांच्या पंचायतीने १४१९ मध्ये बांधायला काढलेलं घर पाहावं. त्याच्या कमानींच्या मधल्या गोलांत निळ्या चकचकीत मातीवर पांढरी बाळं आहेत, पट्ट्यांत गुंडाळलेली, हात पसरलेली. एखाद्याची पट्टी सुटत आलेली. मूल सोडून जाणाऱ्या आईने नाव न सांगता जावं अशी तिथे सोय होती. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं तेव्हा याच दुःखाला दार उघडलं होतं. त्यांची मुलींची पहिली शाळा, १८४८ ची, बुधवार पेठेत भिडेवाड्यात भरली. तो वाडा २०२३ च्या डिसेंबरात स्मारकासाठी पाडला. स्मारक व्हायलाच हवं होतं. पण ज्या जिन्यावरून त्या मुली चढल्या तो जिना आता नाही.

जागच्या जागी राहणं म्हणजे सुरक्षित राहणं नव्हे, हेही फ्लॉरेन्सला ठाऊक आहे. ४ नोव्हेंबर १९६६ ला आर्नो नदी गावात शिरली. सांता क्रोचेच्या भागात पाणी दोन मजल्यांना लागलं. चित्रकार चिमाबुएच्या क्रुसावरचा निम्म्याहून अधिक रंग चिखलात गेला, गिबेर्तीच्या सोनेरी दाराच्या पाच चौकटी लाटेने उखडल्या, नदीकाठच्या राष्ट्रीय ग्रंथालयातली लाखो पुस्तकं भिजली. पानशेत फुटून मुठेचं पाणी नदीकाठच्या पेठांत शिरलं त्या १२ जुलै १९६१ ला तेव्हा पाच वर्षंच झाली होती. फ्लॉरेन्सला देशोदेशींची तरुण मुलं रांगा लावून चिखलातून पुस्तकं हातोहात बाहेर काढत राहिली. भिजलेलं पान कसं सुकवायचं, भिंतीवरचं चित्र कसं सोडवायचं, याचं आजचं पुष्कळसं ज्ञान त्या चिखलातून आलं आहे. तो क्रूसही परत आपल्या चर्चमध्ये लागला. गेलेला रंग मात्र पुन्हा खोटा भरला नाही, गेलेली जागा गेलेली म्हणून दिसते.

आता मराठी माणसाने फ्लॉरेन्समध्ये कधीही चुकवू नये अशी जागा. शहराच्या पश्चिमेला आर्नोच्या काठाने तीन-साडेतीन किलोमीटर लांब कास्चिने उद्यान आहे. त्याच्या अगदी टोकाला, जिथे मुन्योने ही छोटी नदी आर्नोला मिळते, तिथे एक छत्री आहे. छत्रीखाली पगडी घातलेल्या, दागिने ल्यालेल्या एका तरुणाचा रंगीत अर्धपुतळा. हे कोल्हापूरचे राजाराम महाराज. १८५० चा जन्म, १८६६ मध्ये गादीवर. १८७० मध्ये ते युरोपच्या दौऱ्यावर निघाले, इंग्लंड पाहिलं, आणि परतीच्या वाटेवर आजारी पडून ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्सच्या एका हॉटेलात वारले. वय अवघं वीस. तेव्हा फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होतं, १८६५ पासून. पुढच्याच वर्षी ती रोमला गेली. युरोपातल्या ख्रिस्ती शहरात दहन ही अपूर्व गोष्ट होती. खास परवानगी मिळाली आणि सोबतच्या माणसांनी दोन नद्यांच्या संगमावर, रात्रीच्या अंधारात, आपल्या धर्माप्रमाणे चिता रचली. त्यांना त्या परक्या शहरात संगम सापडला, आणि त्यांनी तोच निवडला, याचा विचार मनातून जात नाही.

महाराजांनी प्रवासात इंग्रजीत रोजनिशी ठेवली होती. सोबत असलेल्या कॅप्टन वेस्टने ती १८७२ मध्ये लंडनला छापली. स्मारक १८७४ मध्ये उभं राहिलं. छत्रीचा आराखडा चार्ल्स मँटचा, ज्याने पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा बांधला, आणि पुतळा फुलर या इंग्रज शिल्पकाराचा. १९७८ मध्ये शेजारी नदीवर तारांच्या आधाराचा मोठा पूल झाला, त्याला फ्लॉरेन्सवाल्यांनी ‘पोंते आल्ल इंदियानो’, भारतीयाचा पूल, असं नाव दिलं. रोज हजारो गाड्या त्यावरून जातात.

आणखी एक गोष्ट. मिकेलअँजेलोचा दाविद १५०४ पासून सिन्योरिया चौकात उघड्यावर उभा होता आणि १८७३ मध्ये आत हलवला. म्हणजे महाराज त्या शहरात आले तेव्हा तो पावसापाण्यात, राजवाड्याच्या दारात होता. आज चौकात आहे ती प्रतिकृती. मूळ पुतळा आकादेमियात. आधी चौकातली प्रतिकृती पाहावी, मग मूळ. मूळ पुतळा ज्या मोकळ्या आकाशाखाली उभा होता ते आकाश चौकातच कळतं.

काही व्यवहाराच्या गोष्टी. उफ्फीझी आणि आकादेमिया सोमवारी बंद असतात, आणि दोन्हींची वेळ आधी राखून ठेवावी. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. उंचावरची चित्रं पाहायला छोटी दुर्बीण न्यावी. ओर्सानमिकेलेच्या कोनाड्यांतल्या मूर्ती आता प्रतिकृती आहेत. मूळ बहुतेक वरच्याच मजल्यावर, संत जॉर्ज बार्जेल्लोत. कास्चिनेला जायला स्टेशनाजवळून ट्राम मिळते, पण छत्रीपर्यंत पुढे बरंच चालावं लागतं, म्हणून सकाळी जावं.

परतल्यावर एका सकाळी, दुकानांची दारं उघडायच्या आत, पेठेतून चालून यावं. तुळशीबागेत नारो अप्पाजी खिऱ्यांनी उभारलेल्या राममंदिराचा लाकडी सभामंडप, नाना फडणवीसांच्या बेलबागेतला विष्णू, बाजीराव रस्त्यावरच्या विश्रामबागवाड्याचे सुरूच्या झाडासारखे खांब आणि त्यांवरची केळफुलं, हे अजून आहे त्या जागी आहे. १८७९ मध्ये बुधवारवाडा जळून गेला तेव्हा विश्रामबागवाड्यालाही आग लागली होती. पुणेकरांनी तो पुन्हा उभा केला. आणि आपल्याकडे एक आन्ना मारिया झालीही. दिनकर केळकरांनी अडकित्त्यांपासून वाड्यांच्या दारांपर्यंत वीस हजारांच्या वर वस्तू जमवल्या, संग्रहाला आपल्या गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव दिलं आणि सगळ्या सरकारला देऊन टाकल्या. तो संग्रह पेठेला लागूनच, शुक्रवार पेठेत आहे.

तेव्हा वाचकांना एक विनंती. आपल्या घरात जुन्या वाड्यातून आलेली कोरीव तुळई, दिवा, चित्र, चौकट काही असेल आणि ती काढून टाकायची वेळ आली, तर जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला बोलावण्याआधी राजा केळकर संग्रहालयात विचारून यावं.